आत्याबाई दुरुस्त होतात

गाडीला आत्याबाई हे नाव कुणी ठेवलं ते घरात कुणालाच आठवत नव्हतं, पण ते बदलावं असंही कधी कुणाला वाटलं नाही. सकाळी उठवायला गेलं की आधी कण्हायचं, मग खोकायचं, मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं गुरगुरायचं आणि एवढं करून जागचं हलायचं नाही, हे सगळं त्या नावाला शोभून दिसे. चारही चाकांना जोर देणारी, उंच, चौकोनी आणि कधीकाळी हिरवी असलेली ती गाडी मास्तरांनी विकत घेतली तेव्हाच उतारवयाला लागली होती. मास्तर म्हणजे शाळेतले ड्रॉइंगमास्तर, आता निवृत्त. डोंगरात जाऊन निसर्गचित्रं काढायची, म्हणून त्यांनी ही डोंगर चढणारी गाडी घेतली. निसर्गचित्रं थोडीच झाली, आणि त्यातल्या बहुतेकांत अग्रभागी बॉनेट उघडं टाकून उभी असलेली हीच गाडी होती.

आत्याबाईंच्या दुखण्यांबद्दल बाहेरच्या माणसासमोर बोलायची घरात पद्धत नव्हती. मास्तर तर त्यांना दुखणी म्हणतच नसत, स्वभाव म्हणत. स्टिअरिंगमध्ये इतका खेळ होता की ते वीतभर फिरवलं तरी चाकांपर्यंत बातमी पोचत नसे. पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक कायम थोडा धरून असे, त्यामुळे गाडीचा ओढा डावीकडे. सरळ जायचं असेल तर सतत उजवीकडे निघाल्यासारखं करावं लागे. ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला नुसतं हो म्हणे, दुसऱ्या दाबाला विचारात पडे आणि तिसऱ्या दाबाला कामाला लागे. चढावर दुसरा गिअर सुटून यायचा, म्हणून तो गुडघ्याने दाबून धरायचा. क्लच अगदी वर आल्यावर पकडायचा. इंजिन तापायला लागलं की आतला हीटर चालू करायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता माणसांच्या अंगावर यायची आणि इंजिनाला बरं वाटायचं. चार चाकांच्या जोराची छोटी दांडी एकदा लागली की निघत नसे. ती काढायला गाडी चार हात मागे न्यावी लागे. मास्तर याला नमतं घेणं म्हणत.

या गाडीत वाढलेली मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा नवऱ्याच्या नव्याकोऱ्या गाडीतही चढ आला की तिचा गुडघा आपोआप गिअरच्या दांडीकडे जाई. जावईबापूंनी सुरुवातीला त्याचा भलताच अर्थ लावला आणि ते फार सुखात होते. खरं कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला, असं मुलगी फोनवर सांगत होती.

पण ही गोष्ट मुलीची नाही, तिच्या आईची आहे. आई शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती. नळाच्या पाण्याचा एक घोट घेऊन त्यात औषध किती पडलंय ते ती यंत्राआधी सांगायची, म्हणून खात्यात तिला क्लोरीनताई म्हणत. उभी नोकरी तिने दुसऱ्यांनी भरून आणलेल्या बाटल्यांतलं पाणी तपासण्यात काढली होती. आता डोंगरावरच्या शुद्धीकरण केंद्राच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. जिथून पाणी येतं तिथेच जाऊन बसायचं, स्वतःच्या हाताने तळ्यातून बाटली भरायची, आणि खाली कुणाला काही विचारायचं नाही. ही जागा ताईला इतकी हवी होती की तिने त्याबद्दल घरात दोनदाच बोलून दाखवलं होतं. एरवी तिला काही हवं असलं की ती दिवसभर बोले.

जागा ज्येष्ठतेने तिचीच होती. मध्ये अडलं होतं ते फक्त एक कलम. केंद्राकडे जाणारा रस्ता कच्चा, खात्याची बस डोंगराच्या पायथ्याशीच टेकते, म्हणून प्रमुखाकडे गाडी चालवायचा परवाना हवा. तो ठरलेल्या एका सोमवारपर्यंत दाखवला नाही तर जागा तिच्या खालच्या गृहस्थांना मिळणार होती. हे गृहस्थ बारा महिने टाय लावत आणि पाण्याचा अहवाल पाणी न बघता लिहीत. त्यांच्याकडे परवाना होता.

तेव्हा ताई गाडी शिकली. शिकली ती आत्याबाईंवर, आणि शिकवलं मास्तरांनी. इथेच सगळं गाडं अडलं, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांनी आयुष्यात दुसरी गाडी चालवलेलीच नव्हती. त्यामुळे ब्रेक म्हणजे तीनदा सांगायची गोष्ट, सरळ म्हणजे थोडं उजवीकडे आणि दुसरा गिअर म्हणजे गुडघा, हे त्यांनी वाहनशास्त्राचे मूलभूत नियम म्हणून शिकवलं. ताईला प्रयोगशाळेची शिस्त. तिने ते थेंबाथेंबाने मोजून घेतल्यासारखं आत्मसात केलं. दोन महिन्यांत तिच्या हाताखाली आत्याबाई अशा शहाण्यासारख्या चालू लागल्या की मास्तरांना आतून थोडं लागलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, की हिचा माझ्यापेक्षा तुझ्यावरच जीव जास्त दिसतोय.

परीक्षेचा दिवस जवळ आला तसा मास्तरांना एकाएकी बायकोच्या प्रेमाचा उमाळा आला. संसारात आजवर त्यांनी तिला प्रत्येक वाढदिवसाला स्वतः काढलेलं चित्र दिलं होतं आणि तिने ते प्रत्येक वेळी मनापासून कपाटामागे ठेवलं होतं. यंदा काहीतरी खरंखुरं द्यावं असं त्यांनी ठरवलं. तेलपाणी करून आणतो, असं घरी सांगून ते आत्याबाईंना घेऊन उस्तादांच्या गॅरेजमध्ये गेले.

उस्ताद म्हणजे जुन्या गाड्यांतलं मोठं नाव. निदान त्यांच्या बोलण्यात तरी ते मोठं होतं. आत्याबाईंवर त्यांचा बऱ्याच वर्षांपासून डोळा होता, पण मास्तर कधी गाडीला पाना लावू देत नसत. गाडी उघडली की संपली, असं त्यांचं ठाम मत. तेच मास्तर आज आपण होऊन म्हणाले, की सगळं करा. उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला, मास्तरांची तब्येत विचारली आणि मग शटर अर्धं ओढून घेतलं. पुढचे चार दिवस गॅरेजात दुसरी गाडी घेतली गेली नाही. स्टिअरिंगचे सांधे बदलले, ब्रेकची सगळी यंत्रणा नवी घातली, गिअरबॉक्स उघडून आतले झिजलेले दाते काढले, क्लचची प्लेट बदलली, रेडिएटर धुऊन काढला. तेल जिथून जिथून गळत होतं तिथल्या सगळ्या सील नव्या झाल्या. आश्चर्याचा धक्का पुरेपूर बसावा म्हणून गाडी थेट परीक्षेच्या मैदानावर आणून द्यायची, असं ठरलं.

धक्का पुरेपूर बसला.

परीक्षेच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, दोघं बसने मैदानावर पोचली तर आत्याबाई फाटकाशी उभ्या, धुतलेल्या, आणि बाजूला उस्ताद स्वच्छ शर्ट घालून वरपक्षाकडच्यासारखे. ताईला वाटलं, नुसती धुतलीय. तेवढ्यात तिचा पुकारा झाला. मास्तरांनी काही सांगायला तोंड उघडलं, पण ती आत चढून बसलीसुद्धा.

परीक्षक शेजारच्या सीटवर आले. जाडजूड, शांत, गालात खोकल्याची गोळी धरलेले गृहस्थ. पुढ्यात पाटी, पाटीवर कागद. ते फक्त "चला" म्हणाले.

आत्याबाई सुरू व्हायला वेळ घेतात म्हणून ताईने किल्ली फिरवली आणि सवयीप्रमाणे धरून ठेवली. इंजिन पहिल्या झटक्यातच सुरू झालं होतं. त्याला पुन्हा सुरू करू गेल्यावर ते असं किंचाळलं की परीक्षकांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ताईने क्लच सोडायला सुरुवात केली. तो वर आल्यावरच पकडतो, म्हणून खालचं अर्धं अंतर तिने निर्धास्तपणे सोडून दिलं. क्लचने मात्र खालीच पकडलं. आत्याबाई, ज्यांनी आयुष्यात कधी घाई केली नव्हती, त्या उडीच मारून निघाल्या.

सरळ जायचं होतं. ताई सरळ, म्हणजे थोडी उजवीकडे, गेली. उजवीकडे प्लास्टिकचे शंकू ओळीने मांडले होते. ती ओळ अख्खी आडवी झाली. ताईने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी खिळली. परीक्षक कमरेतून वाकून काचेपर्यंत गेले. पण पाय शिकलेला होता. त्याने सोडला आणि पुन्हा दाबला, सोडला आणि पुन्हा दाबला. परीक्षकांनी काचेला ओळीने तीन नमस्कार घातले. तिसऱ्या नमस्काराला गोळी बाहेर आली.

चढावर तर तिने दुसऱ्या गिअरला असा काही गुडघा लावला की दांडी हलेचना, आणि इंजिन तापू नये म्हणून न विसरता हीटरही लावला. परीक्षक खाली उतरले तेव्हा त्यांच्या कपाळावर एक टेंगूळ होतं आणि त्यावरून घाम ओघळत होता. ते म्हणाले, "बाई, नियमाप्रमाणे दुपारी तुम्हाला एक संधी आहे. त्यानंतर तीन महिन्यांनी." मग थोडं थांबून म्हणाले, "घाई नाही, असं माझं मत."

ताई मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसली. आपलं काय चुकलं तेच तिला कळत नव्हतं. तिने सगळं बरोब्बर केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला अशी बाटली हाती आल्यासारखं झालं, की जिच्यातल्या पाण्याची चवच ओळखू येत नाही.

मास्तर बाजूला येऊन बसले आणि हळूच म्हणाले, की ती तुला भेट होती.

ताईने काय काय दुरुस्त केलं ते विचारलं. मास्तर सांगत गेले. उस्तादही पुढे सरसावले. कौतुकाची वाट बघून ते सकाळपासून ताटकळले होते. जुने सांधे त्यांनी पिशवीत घालून दाखवायला आणले होते, ते एकेक करून बाकावर मांडले. ताई त्या भंगाराकडे बघत राहिली. जे मोडलेलं होतं तेच ती शिकली होती.

मग ताईने उस्तादांना विचारलं, की हे सगळं दुपारपर्यंत परत बसवता येईल का.

उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "ताई, मी हातात पाना धरलाय तो जोडायला, मोडायला नाही. आणि समजा पाप करायचं ठरवलंच, तरी ते जमणार नाही. मी बिघडवलेली गाडी वेगळी आणि वयाने बिघडलेली वेगळी. तसला बिघाड मुरायला वर्षं जातात."

हे म्हणताना ते दुखावलेले होते, पण थोडे अभिमानातही होते.

मास्तरांनी मग तोडगा काढला. चांगली गाडी चालवायची म्हणजे जे जे शिकवलं ते ते करायचं नाही, एवढं सोपं आहे, मी एकदा दाखवतो, तू बघ, असं म्हणून ते ऐटीत आत्याबाईंमध्ये चढले. सुरू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. आत्याबाई उडी मारून निघाल्या, थोड्या उजवीकडे झाल्या, आणि कार्यालयाच्या दाराशी कुणीतरी हौसेने केलेल्या फुलांच्या वाफ्यात जाऊन, एकदा, दोनदा, तीनदा थांबल्या. मास्तर उतरले. त्यांच्या बुटाला झेंडूचं फूल चिकटलं होतं. इतकी वर्षं आपल्याला गाडी चालवता येते असं समजणारा तो माणूस वाफ्यात उभा राहून स्वतःच्या हातांकडे असा काही बघू लागला की ताईचा अर्धा राग तिथेच विरला.

"अहो," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही येत नाही."

"दिसतंय तसं," मास्तर म्हणाले.

उरलेला अर्धा राग घेऊन ताई सरळ परीक्षकांच्या खोलीत गेली. ते कपाळाला ओला रुमाल लावून बसले होते. तिने आडवळण घेतलंच नाही. मी बिघडलेल्या गाडीवर शिकले, गाडी चार दिवसांपूर्वीपर्यंत बिघडलेली होती, आज ती चांगली आहे आणि मला चांगली गाडी चालवता येत नाही, असं तिने सांगून टाकलं. आणि वर हेही सांगितलं की ती जागा मला हवी आहे, त्या टायवाल्याला मिळाली तर शहर काय पिईल ते त्यालाही कळणार नाही आणि शहरालाही.

परीक्षकांनी रुमाल उलटा करून लावला. त्यांच्या नोकरीत लोकांनी नापास होण्याची नाना कारणं त्यांना ऐकवली होती. ऊन, चप्पल, सासू. हे नवीन होतं. आपल्या कपाळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, की एक गोष्ट पक्की, त्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि जरा नाइलाजाने म्हणाले, की नियमात उमेदवाराला कार्यालयाची गाडी मागता येते, पण ती आजवर कुणी मागितलेली नाही, आणि एकदा बघितल्यावर तुम्हीही मागणार नाही.

कार्यालयाची गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. उंच, चौकोनी, रंग कार्यालयाचा, बाकी हुबेहूब आत्याबाई. त्याच कंपनीची, त्याच सुमाराची, आणि कार्यालयाची असल्यामुळे तिला पान्याचा स्पर्श कधी झालेला नव्हता. खाली जमिनीवर तेलाचा काळा डाग पसरलेला बघून ताईच्या जिवात जीव आला.

कार्यालयाचा ड्रायव्हर किल्ली द्यायला आला तो कळवळूनच. बाई, हिचं जरा सांभाळा, म्हणून त्याने सुरुवात केली, की हिचा ब्रेक म्हणजे...

"तिसऱ्याला," ताई म्हणाली.

ड्रायव्हरने तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, की आणि दुसरा गिअर चढावर...

ताईने गुडघा दाखवला.

ड्रायव्हरने किल्ली दोन्ही हातांनी दिली.

परीक्षक चढले, पट्टा आवळून घेतला, एक हात वरच्या दांडीला आणि एक काचेला लावून बसले. ताईने किल्ली फिरवली आणि धरून ठेवली. गाडी कण्हली, खोकली, गुरगुरली आणि चालू झाली. क्लच वर येत येत अगदी शेवटी पकडला, आणि ती तळ्यावरून होडी सुटावी तशी निघाली. ताई थोडी उजवीकडे निघाली आणि गाडी नाकासमोर सरळ गेली. शंकूंच्या दोन ओळींमधून ती अशी गेली की एकही हलला नाही. थांबायच्या रेषेवर पायाचं एक, दोन, तीन झालं आणि गाडी रेषेला नाक लावून उभी राहिली. परीक्षकांनी काचेवरचा हात काढला. चढावर तिने गुडघा टेकवला. गिअर एकदा धडपडला आणि पोरासारखा गप्प बसला. मध्यावर थांबून पुन्हा निघायचं होतं. तिथे भलेभले मागे घसरतात. गाडी बोटभरही मागे आली नाही. इंजिनाचा काटा वर चढला तेव्हा ताईने हीटर लावला. परीक्षकांनी यावेळी सकाळसारखं तोंड केलं नाही, नुसतं शर्टाचं वरचं बटण उघडलं.

दूर शेडच्या दारात ड्रायव्हर उभा होता. ही गाडी आपल्याशिवाय कुणाला चालत नाही, या एका गोष्टीवर त्याची कार्यालयात पत होती. आता तो तोंडावर हात ठेवून बघत होता.

परत आल्यावर परीक्षक लगेच उतरले नाहीत. कागदावर त्यांनी सावकाश सही केली. मग म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. एक सांगू? सकाळची ती गाडी काढून टाका. तिच्यात काहीतरी दोष आहे."

ताईने मान डोलावली. फाटकाबाहेर उस्ताद उभे होते. हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचवायचं नाही, असं तिने ठरवलं आणि घरी पोचायच्या आत मास्तरांना सांगून टाकलं.

आत्याबाईंना त्या दिवशी उस्तादांनीच घरी आणून सोडलं, कारण दोन परवानाधारक असूनही दोघांपैकी कुणाचीच तिला हात लावायची छाती होईना. पण सोमवार तोंडावर होता. शनिवारी सकाळी ताई मास्तरांना घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेली, म्हणजे उस्तादांना बोलावून तिथवर नेऊन घेतलं आणि त्यांना परत पाठवलं. मग दोघं शिकली. आळीपाळीने. एक चालवी आणि दुसरा शेजारी बसून "एकदाच, एकदाच" म्हणत राही. मास्तरांचा पाय तीनच्या खाली यायला तयार नव्हता. सवयीने गुडघा उठे, त्याला ताई फूटपट्टी मारे. दुपारपर्यंत ताई स्वतः दोनवर आली, संध्याकाळी एकवर. रविवारी सरळ म्हणजे सरळ, हे हातांना पटलं. मास्तरांना मात्र शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणाले, की मला यात काही कलाच दिसत नाही, नुसतं दाबलं की थांबतं. आणि ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले ते कायमचे.

सोमवारी सकाळी ताई परवाना पर्समध्ये घालून केंद्राकडे निघाली. सोबत मास्तर होतेच, आधार म्हणून. पायथ्याशी खात्याची बस उभी होती. बसमधून उतरलेल्या टायवाल्यांनी गाडी बघितली, आत कोण आहे ते बघितलं आणि टायची गाठ उगाचच सारखी केली. ताईने त्यांना मान लवून नमस्कार केला आणि छोटी दांडी ओढली. ती लागली. पहिल्या वळणापुढे रस्ता सुधारला तेव्हा तिने ती काढली, आणि ती निघालीसुद्धा, कुणापुढे नमतं न घेता.

कच्चा रस्ता डोंगराला वळसे घालत वर चढत होता. ताईच्या लक्षात आलं की हातांना काही काम नाही. गुडघा मोकळा आहे. ती रस्त्याकडे बघते आहे, आणि रस्त्याखेरीज बाजूलाही बघता येतं आहे. दुसऱ्या वळणावर झाडांच्या फटीतून तळं दिसलं. ज्याचं पाणी तिने इतकी वर्षं बाटल्यांतून तपासलं होतं ते, हिरवं, निवांत, तिच्या कल्पनेपेक्षा बरंच मोठं. काठाला थोडं शेवाळ धरलेलं तिला इतक्या वरूनही दिसलं. आज सगळ्यात आधी ते बघायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

"अहो, बघितलंत का?" ती म्हणाली.

तिने वळून बघितलं. मास्तर खिडकीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपले होते. त्या गाडीत आजवर कुणालाही झोप लागली नव्हती. ताईने पुढचा खड्डा त्यांच्यासाठी जपून, अगदी हळू ओलांडला.